पदराच्या गाठीतलं बूच

आमच्या घरात दोन गोष्टी फडक्यातून गाळल्या जात. टँकरचं पाणी आणि गिअरबॉक्सचं तेल. दोन्ही फडकी बाबांच्या एकाच जुन्या धोतराची होती आणि दारासमोरच्या तारेवर शेजारी शेजारी वाळत असत. पाहुणे आले की माय तेलाचं फडकं काढून आत घेई, पाण्याचं राहू देई. टँकरचं पाणी गाळून पिण्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, सगळा जिल्हाच तसं करत होता. पण नवरा घरच्या घरी उडतं यंत्र बांधतोय, हे पाहुण्यांना पहिल्याच चहाबरोबर कळू नये, निदान दुसऱ्या कपापर्यंत तरी थांबावं, असं तिला वाटे.

बाबा सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. कारखाना वडवणीच्या पुढं माळावर. मालक सभासद शेतकरी, असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं; पाटीच्या आतलं सगळं चेअरमनसाहेब बघत. त्या साली ऊसच नव्हता. जो काही शेंड्याएवढा उगवला तो छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेला. चिमणीतून धूर न निघालेला तो दुसरा हंगाम. कारखाना चालू असताना कॉलनीत सगळे ओरडून बोलत, कारण ऊस पिळायच्या गिरणीची घरघर रात्रंदिवस कानात असे. ती थांबली आणि ओरडायची सवय मात्र राहिली, त्यामुळं कोणाच्या घरी कशावरून भांडण चाललंय हे सबंध कॉलनीला कळू लागलं. मी बीडला बी.एस्सी. करत होते. शनिवारी दुपारच्या एसटीनं उतरले की आधी मळीचा आंबूस वास येई, त्यावरून घर आलं हे कळे. त्या दोन वर्षांत तो वासही नव्हता. छावणीतल्या गुरांचं हंबरणं, त्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि टँकरचा भोंगा, एवढंच. देखभालीसाठी चाळीस माणसं ठेवली होती आणि बाबांचं नाव त्या यादीत होतं. यादी चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हातानं केली होती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

काम नसलेला फिटर ही घरातली अवघड वस्तू असते. बाबांनी आधी कॉलनीतल्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या, मग ज्या बिघडलेल्या नव्हत्या त्याही. शेवटी त्यांनी ट्रंकेतून एक इंग्रजी पुस्तिका काढली. टर्बाइन बसवायला आलेला पुण्याचा एक इंजिनिअर ती त्यांच्याकडं विसरून गेला होता. तीत घरी बांधायच्या जायरोकॉप्टरचे नकाशे होते. हेलिकॉप्टरसारखं दिसतं, पण वरची मोठी पाती इंजिनाला जोडलेली नसतात. यंत्र पुढं सरकलं की ती वाऱ्यानंच फिरतात, जत्रेतल्या कागदी भिंगरीसारखी. इंजिन फिरवतं तो फक्त पाठीमागचा पंखा, आणि पंखा सगळ्याला पुढं ढकलतो. कॉलनीनं म्हणून त्याचं नाव भिंगरीच ठेवलं. अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं इंजिन घेतलं, सांगाडा कारखान्यातल्या भंगाराच्या पाइपांचा केला. मोटारीचं इंजिन फार जोरात फिरतं, पंख्याला तेवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. तो करीमचाचांनी केला. करीमचाचा कारखान्याचे टर्नर, बाबांचे जिवाभावाचे. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

गेलेल्या दोन बोटांची गोष्ट इथं सांगायला हवी. मी लहान असताना करीमचाचा गिरणीत हात घालून काम करत होते आणि कोणीतरी न बघता बटण दाबलं. त्या दिवसापासून बाबांनी एक नियम केला. जो यंत्रात हात घालील त्यानं त्या यंत्राचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचा, आणि तो हात बाहेर काढून स्वतः फ्यूज देईपर्यंत चीफ इंजिनिअरनंसुद्धा मागायचा नाही. ज्याचा हात आत, त्याच्या खिशात फ्यूज. हा नियम कुठल्या फलकावर नव्हता, पण फलकावरच्या नियमांपेक्षा जास्त पाळला जाई. भिंगरीलाही तोच लागू होता. पंखा हातानं फिरवून बघायचा असला की किल्ली करीमचाचांच्या गळ्यातल्या दोऱ्यात जाई.

असे आणखी पुष्कळ नियम होते. इंजिन फार मंद चालू ठेवायचं नाही, कारण मंद वेगात गिअरचे दात एकमेकांवर आपटत राहतात. थंडी वाजणाऱ्या माणसासारखा गिअरबॉक्स कडकडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला रबराचा जोड रोज अंगठ्यानं दाबून बघायचा, चिरा पडल्यात का. प्रत्येक नटावर आणि त्याच्या बुडाशी मिळून एक लाल रेघ मारलेली असायची. रेघ तुटलेली दिसली की नट ढिला झालाय असं समजायचं. ती लाल रेघ माझ्या नेलपॉलिशची. कॉलेजात मुली लावतात म्हणून मी हौसेनं आणलेली बाटली आठवड्याभरात भिंगरीच्या नटांना गेली. माझी नखं तशीच राहिली. नट मात्र फार देखणे दिसत.

मायला या सगळ्याबद्दल काय वाटत होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण इंजिनाला पाणी लागतं हे कळल्यावर ती तडकाफडकी म्हणाली होती की ते पाणी बाबांच्या अंघोळीतून कापलं जाईल. ते कापलंही. रविवारी इंजिन चालवायचं असलं की बाबा शनिवारी ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत. जेवायला हुलग्याचं माडगं, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि येसराचं मसाल्याचं पीठ कालवलेली पातळ आमटी, कांदा असला तर कांदा. माय भाकरी थापायच्या आधी पीठ चिमटीत घेऊन चोळून बघे. आधीच्या दुष्काळात तिनं परदेशातून आलेली तांबडी ज्वारी दळून खाल्ली होती, जात्याला टाकी लावल्यावर, म्हणजे त्याचा दगड छिन्नीनं टोचून घेतल्यावर, पहिल्या पिठात दगडाची कच येते हे तिला ठाऊक होतं, आणि कच डोळ्याला दिसत नाही, बोटालाच लागते, असं ती म्हणे. बाबांनी गिअरबॉक्सचं तेल पहिल्यांदा गाळलं त्या दिवशी थट्टेत तिच्या बोटावर थेंब ठेवला आणि विचारलं, "बघ, दळण कसं झालंय?" तिनं तितक्याच गंभीरपणे चोळून सांगितलं, "बारीक हाय." मग तो घरचा खेळच झाला. दर खेपेला बाबा थेंब ठेवत आणि माय शेरा देई.

माझ्याकडं पुस्तिका वाचून दाखवायचं काम होतं. चुलीसमोर बसून मी एकेक वाक्य मराठीत सांगे आणि बाबा डोळे मिटून ऐकत. जुळणी, तोल, पात्यांचा कोन, सगळं मी वाचलं. शेवटची काही पानं गिअरबॉक्सच्या देखभालीची होती, बारीक टायपात, तक्ते भरलेली. मला परीक्षेचा अभ्यास होता, कंटाळाही आला होता. मी म्हटलं, पुढं सगळं असंच आहे. बाबांनी विश्वास ठेवला. पुढं मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि "बाई, बाकीचं तसंच आहे" असं सांगून प्रयोग अर्धवट सोडणाऱ्या मुलांवर मी जितकी चिडे तितकं मोठं ते प्रकरण कधीच नसे. मुलांना वाटे बाई तत्त्वाच्या पक्क्या आहेत.

धावपट्टी आम्हाला दुष्काळानं दिली. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलाव होता, त्याच्या कोरड्या पात्रावर कारखान्याचा रोलर फिरवून घेतला. हा तलाव आधीच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेला. माय त्या कामावर होती. तिनं तिथं खडी फोडली, पाळेवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, पाटीनं माती वाहिली आणि पाच वर्षांची मी जवळच्या बाभळीखाली कामावर वाटलेल्या सुकडीचा तोबरा भरून बसलेली असे. त्याच तलावात बाबा आधी जीपला दोर बांधून, इंजिनाशिवाय, भिंगरी हातभर उचलायला शिकले, मग इंजिनावर पुरुषभर, मग बाभळीच्या वर. परवानगी नावाची काही गोष्ट लागते हे आम्हाला माहीत नव्हतं. आज नातवाला मी यातलं अर्धंच सांगते.

दुष्काळाची हवाई पाहणी करायला मोठे पुढारी हेलिकॉप्टरनं येत. वरून धूळ बघत, खाली धूळ उडवत आणि जात. आमच्या चेअरमनसाहेबांना कोणी त्यात बसवलं नव्हतं. भिंगरीबद्दल ऐकल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की आपली हवाई पाहणी आपणच करावी. सहकाराचं तत्त्व तेच आहे. त्यांचं वजन करणं भाग होतं, तेव्हा ते उसाच्या वजनकाट्यावर उभे राहिले. तो काटा वीस किलोच्या पटीतच मोजे, आणि कमी दाखवतो अशी सभासदांची जुनी तक्रार होती. चेअरमनसाहेबांनी त्या दिवशी काट्याच्या अचूकपणाची जाहीर स्तुती केली. मग बसण्याचा प्रश्न आला. पुढची जागा चालवणाऱ्याची. म्हणजे बौद्धवाड्यातून आलेला फिटर पुढं आणि पाटील-चेअरमन त्याच्या पाठीमागं, तेही गावासमोर. यावर दोन बैठका झाल्या म्हणे. शेवटी चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला की मोटारीतही साहेब मागंच बसतात.

रविवारी सकाळी तलावात मांडव पडला. बँड आला, नारळ आला, झेंडूच्या माळा आल्या; त्या दुष्काळात झेंडू कुठून आला कोण जाणे. मांडवापासून जरा लांब, पाळेच्या सावलीत, बाबा भिंगरीचं शेवटचं बघून घेत होते. त्यांनी गिअरबॉक्सच्या तळाचं बूच काढलं. त्या बुचाला आतून लोहचुंबक होतं. झिजलेल्या लोखंडाचा कीस त्याला चिकटे. माय न्याहारी घेऊन आली होती. बाबांनी फडक्यावर तेल धरलं आणि सवयीनं तिच्या बोटावर थेंब ठेवला. तिनं चोळला. पुन्हा चोळला. मग बाबांच्या हातातलं बूच घेतलं आणि त्याच्या टोकावर अंगठा फिरवला.

"कच लागती," ती म्हणाली.

बाबा हसले. गिरणीच्या गिअरबॉक्समध्ये मूठमूठभर कीस निघतो, लोखंड लोखंडावर चाललं की झिजायचंच, तीस वर्षं बघतोय, असं त्यांनी तिला समजावलं. हीच त्यांची चूक होती, आणि ती साखर कारखान्याच्या फिटरनंच करावी अशी चूक होती. गिरणीचे गिअर बैलासारखे सावकाश चालतात, त्यांचा एकेक दात विटेएवढा. रोज थोडं लोखंड सांडलं तरी त्यांना काही होत नाही. भिंगरीचे दात करंगळीच्या नखाएवढे.

"कीस मऊ असतो," माय म्हणाली. "ही कच हाय. जातं झिजलं तर पीठ येतंय. कच आली म्हंजी दगड फुटायला लागला."

मला एकदम ती बारीक टायपातली पानं आठवली. पुस्तिका माझ्या पिशवीतच होती. मी उभ्या उभ्या पानं उलटली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: चुंबकावर धुळीसारखा कीस असेल तर पुसा आणि पुढं जा. नखानं उचलता येईल एवढा तुकडा असेल तर उडू नका, गिअरबॉक्स उघडा. मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. हे पान मी आधी वाचलंच नव्हतं, हेही सांगितलं. मायनं नखाच्या टोकावर एक चकाकता तुकडा उचलून धरला. तिळाच्या टरफलाएवढा असेल.

बाबा माझ्यावर रागावले नाहीत. "आता वाचलंस ना," एवढंच म्हणाले. मग त्यांनी मांडवाकडं बघितलं. चेअरमनसाहेब तांबडा फेटा बांधून घेत होते. चाळीस नावांची यादी त्यांच्याच खिशात असे. पाचच मिनिटांची चक्कर आहे, बाबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, फार उंच जायचं नाही, मोटर बंद पडली तरी भिंगरी अलगद उतरते. हे खरं होतं. पण दात तुटून गिअरबॉक्स अडकला तर पंखा उखडून शेपटीत जातो, आणि शेपटीशिवाय काहीच अलगद उतरत नाही. ते त्यांना माहीत होतं, करीमचाचांना माहीत होतं. बाबांनी बूच मागायला हात पुढं केला.

मायनं बूच पदराच्या टोकात ठेवलं, वर घट्ट गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली.

"दे," बाबा म्हणाले. "लोक थांबलेत."

"थांबू द्या. ज्याचा हात आत त्याच्या खिशात फ्यूज, हे तुमीच सांगता न्हवं? माझा हात आत हाय अजून."

बाबांचा पुढं केलेला हात तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला तो फ्यूज मागू दिला नव्हता. करीमचाचांनी आपला तीन बोटांचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "मिस्तरी, भाबी से मत मांगो. कायदा अपनाच है."

बाबा मांडवात गेले. मी मागोमाग गेले, कारण वाचायचं राहिलेलं पान माझं होतं. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "काय मिस्तरी, निघायचं का?" बाबा म्हणाले, "साहेब, आज न्हाई उडणार. गिअरबॉक्स उघडावा लागंल." चेअरमनसाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. एवढा लवाजमा केलाय, तालुक्याचा वार्ताहर आलाय, आणि आता काय गिअरबॉक्स, असं ते दबक्या आवाजात बोलू लागले. पुढच्या यादीचाही उल्लेख झाला. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "फ्यूज दुसऱ्याच्या खिशात हाय, साहेब."

"कुणाच्या?"

"आमच्या मंडळींच्या."

जवळ उभे असलेले कारखान्याचे कामगार आधी हसले आणि मग त्यांचं हसू ओसरलं. तो नियम प्रत्येकाला माहीत होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची दहाही बोटं त्या नियमामुळं शाबूत होती. चेअरमनसाहेबांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि यादीचा विषय सोडून दिला. पण लवाजमा वाया जाऊ देण्यातले ते नव्हते. नारळ फुटला, बँड वाजला, ते भिंगरीत बसले, पुढच्या जागेवर, आणि हात हलवला. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला, चाकं दिसू नयेत असा कापलेला, खाली "दुष्काळाची हवाई पाहणी करताना". तो कागद माझ्याकडं अजून आहे. त्यांचा चेहरा खरोखरच वरून काहीतरी बघणाऱ्या माणसाचा आहे.

सोमवारी गिअरबॉक्स उघडला. लहान चाकाचा एक दात बुडापासून निम्मा तडकला होता. करीमचाचांनी त्याला हातोडीच्या दांड्यानं नुसतं टेकवलं आणि तो दुधाच्या दातासारखा निघून आला. बाबा उठले, घागरीपाशी गेले, तांब्याभर पाणी घेतलं आणि मायला प्यायला दिलं. आमच्याकडं पुरुष बायकांना पाणी देत नसत, आणि त्या वर्षी तर कोणीच कोणाला न मागता देत नव्हतं. तिनं ते एका दमात पिऊन टाकलं.

पुढच्या यादीत बाबांचं नाव नव्हतं. दोन महिने माय छावणीत शेण उचलायला गेली आणि मी शनिवारची एसटी चुकवून बीडला शिकवण्या केल्या. मग कारखान्याचा पाण्याचा पंप बसला, तो कोणालाच उठवता येईना, आणि बाबांना बोलावणं आलं. मधल्या काळात करीमचाचांनी नवं चाक कापलं, या खेपेला लोखंड नीट बघून. शेवटची सगळी पानं मी बाबांना दोनदा वाचून दाखवली. गिअरबॉक्स बसवला, रिकामा पळवला, तेल गाळलं. पुन्हा पळवला, पुन्हा गाळलं. दर वेळी बूच मायच्या पदरात जाई आणि तिचा शेरा मिळेपर्यंत तिथंच राही. बाबा एकट्यानं उडून आले, पुन्हा तेल निघालं. सहाव्या खेपेला तिनं थेंब चोळला, डोळे मिटून पुन्हा चोळला.

"पीठ झालं," ती म्हणाली. गाठ सोडून तिनं बूच बाबांच्या तळहातावर ठेवलं, आणि मग, आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मला बसवा एकदा."

बाबांना वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती. तिला पाळ बघायची होती. दीड वर्ष तिनं त्या पाळेवर माती टाकली, पण रोज एका पाटीपुरतीच बघितली. ती सगळी मिळून कशी झालीय ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला आणि मागच्या जागेवर बसली. करीमचाचांनी पट्टा दोनदा ओढून बघितला, गळ्यातली किल्ली काढून बाबांना दिली. मी बाभळीखाली उभी राहिले, जिथं पाच वर्षांची असताना बसायचे. भिंगरी धुळीतून धावली, उचलली गेली, पाळेला धरून एक लांब चक्कर मारली. ऊन उतरतीला लागलं होतं. मायचं निळं लुगडं मला शेवटपर्यंत दिसत होतं. तिनं कशाला घट्ट धरलं नव्हतं. एक हात बाहेर काढून ती खाली कुठंतरी बोट दाखवत होती.

पुढच्या साली तलाव भरला, आमची धावपट्टी पाण्याखाली गेली आणि भिंगरी साखरेच्या गोदामात कायमची जाऊन बसली. कोणालाच वाईट वाटलं नाही, बाबांनासुद्धा. तो तडकलेला दात मी पुढं वर्गात मुलांच्या हातावर ठेवत असे. वरून काय दिसलं ते मी मायला एकदाच विचारलं, ती उडाली त्याच दिवशी, उतरल्याबरोबर. तिचे केस विस्कटले होते, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं होतं. बाबा पंखा थांबायची वाट बघत होते. मी विचारलं, कशी दिसली पाळ?

मायनं पदरानं डोळे पुसले आणि पाळेकडं एकदा खालून बघितलं.

"बारकी दिसती गं," ती म्हणाली. "पण सरळ हाय."